कॅरम आणला, पण कोणी खेळत नाही: खेड्यातल्या वृद्धाश्रमात दिवस कसा भरायचा

प्रश्न थोडक्यात असा: विदर्भातला, तालुक्याच्या गावापासून १२ किलोमीटरवरचा वृद्धाश्रम, ३२ रहिवासी, कामाला दोन मावश्या, एक काळजीवाहक आणि स्वयंपाकाच्या बाई. देणगीतून टीव्ही, कॅरम, बुद्धिबळ आलं. टीव्ही दिवसभर चालतो आणि त्याच्यापुढे माणसं पेंगतात. कॅरम कपाटावर पडून आहे. ‘या लोकांना कशातच रस नाही’ असं कर्मचारी म्हणतात. काय करावं?

रस असतो. पण तुमच्याकडची बहुतेक माणसं कोरडवाहू शेतीत, मजुरीत, घरकामात आयुष्य काढलेली असणार. सकाळी अकरा वाजता बसून खेळायचं, ही कल्पनाच त्यांच्या अंगवळणी नाही. खेळ पोरांचा, आणि दिवसाउजेडी रिकामं बसणं म्हणजे आळस, असंच ते मानत आले. अशा आबाजींपुढे बुद्धिबळाचा पट मांडला तर ‘मले नाही जमत बाप्पा’ म्हणून ते कूस बदलतात. त्यांच्याच पुढे तुरीच्या ओल्या शेंगांचं ताट ठेवून ‘जरा एवढ्या सोलून देता का, भाजीले पाहिजे’ म्हटलं की हात चालू लागतात. माझा सगळा सल्ला याच क्रमाचा आहे: आधी हाताला खरोखर उपयोगी पडणारं काम, त्या कामाभोवती गप्पा, मग गाणी, खेळ आणि सण. क्रम उलटा लावला की कपाटावर आणखी एक कॅरम येतो.

आधी माणूस माहीत करून घ्या

प्रत्येकाचा एक कागद करा. गाव कोणतं, शेत कोरडवाहू की ओलिताचं, पिकं कोणती, भजन मंडळात काय वाजवत, लिहिता-वाचता येतं का (वयस्क बायकांपैकी अनेकींना येत नाही, हे गृहीत धरूनच योजना करा), कोणत्या कानाने बरं ऐकू येतं, चष्मा आहे का आणि तो घालतात का, दातांची कवळी, गिळायला त्रास, लघवीला किती वेळाने जावं लागतं, दुपारी झोपतात का, आणि कशाचा तिटकारा आहे. हा शेवटचा रकाना लोक गाळतात, आणि तोच रोज उपयोगी पडतो.

‘तुम्हाला काय आवडतं?’ हा प्रश्न विचारू नका. उत्तर ठरलेलं: ‘आता काय आवडायचं, देवाचं नाव घ्यायचं.’ त्याऐवजी नखं कापताना, पायाला तेल चोळताना एकेक विचारा. पोळ्याला बैलांची शिंगं कशाने रंगवत होता? वेचणीला एका दिवसात किती कापूस व्हायचा? शेवया हातावर की यंत्रावर? पाच-दहा मिनिटांच्या अशा चार-पाच बोलण्यांत कागद भरतो.

एक सावधगिरी. ‘मुलगा काय करतो?’ हा प्रश्न आपल्या भागात सरळ नसतो. कोणाचा मुलगा कर्जापायी गेलेला असतो, कोणाला मुलानेच आणून सोडलेलं असतं. विषय निघालाच आणि डोळे भरून आले, तर घाईने गाण्याकडे वळवू नका. एका कर्मचाऱ्याने शेजारी बसून राहावं, बाकीच्यांचं काम चालू राहू द्यावं.

वेळ आणि जागा

दिवसातून दोन बैठका पुरतात, ४० ते ४५ मिनिटांच्या. पावसाळ्या-हिवाळ्यात सकाळी १० आणि दुपारी ४.३०. एप्रिल-मे-जूनमध्ये मात्र सकाळी ७.३० आणि संध्याकाळी ६. विदर्भातल्या मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, तेव्हा ११ ते ५ या वेळेत कोणालाही खोलीबाहेर बसवू नका. वय वाढलं की तहान कमी जाणवते, म्हणून प्रत्येक बैठकीच्या आधी आणि नंतर ग्लासभर पाणी हातात द्या. ‘पाणी पाहिजे का?’ विचारलं तर ‘नाही’ म्हणतात. हृदयाच्या किंवा किडनीच्या आजारामुळे डॉक्टरांनी पाण्यावर मर्यादा घातली असेल त्यांचं प्रमाण वेगळं ठेवा.

वेळ ठरवताना औषधांचा तक्ता शेजारी ठेवा. लघवीची गोळी सकाळी घेणाऱ्याला पुढचे दोन-तीन तास सारखं उठावं लागतं. त्याला दाराजवळची खुर्ची द्या, नाहीतर तो लाजेने येणंच टाळेल. झोपेची गोळी घेणारे सकाळी गुंगीत असतात, त्यांच्यासाठी दुपारची बैठक. कंपवाताच्या रुग्णाचे हात गोळीचा असर असताना बरे चालतात, हातकाम तेव्हाच. इन्सुलिन घेणाऱ्याचा नाश्ता कार्यक्रमामुळे लांबला तर साखर उतरते: घाम, थरथर, चिडचिड, बरळणं. शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून द्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा बघा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता दवाखाना गाठा.

कूलरचा मुद्दा क्षुल्लक वाटेल, पण उन्हाळ्यातल्या बैठका बहुतेक त्याच्यामुळेच फसतात. म्हातारपणी बारीक, टोकदार आवाज आधी जातात, आणि कूलरच्या घरघरीत उरलेलं बोलणंही बुडतं. माणसं ऐकू येत नाही असं म्हणत नाहीत, उठून जातात. वाचन किंवा गप्पा सकाळी गारव्यात, कूलर बंद ठेवून घ्या. कूलर लागणारच असेल तर त्या वेळी हाताची कामं ठेवा, बोलायची नकोत. बोलणाऱ्याने सहा फुटांच्या आत, समोर, चेहऱ्यावर उजेड पडेल असं बसावं. ओरडू नये, ओरडल्याने शब्द आणखी फाटतात.

एका गटात सहा ते आठ जण, विसराळूपणाचा आजार असलेल्यांचा गट तीन-चारांचा. ३२ जणांना एका हॉलमध्ये रांगेत बसवलं तर तो कार्यक्रम राहत नाही, सभा होते. आणि दिवेलागणीच्या सुमारास विसराळू माणसं अस्वस्थ होतात, ‘घरी जायचं, जनावरं बांधायची’ म्हणून दाराकडे निघतात. अंधार पडायच्या आधी सगळे दिवे लावा आणि नेमक्या त्याच वेळी त्यांच्या हातात काही द्या: कपडे घडी करणं, कंदिलाची काच पुसणं, वाती.

हाताची कामं

वाती हे सुरुवातीला सगळ्यात सोपं काम. कापूस आपल्या दारातच आहे, पण शेतातून थेट आणताना वेचणीच्या तोंडावर फवारणी झालेली नाही ना, हे विचारा. शंका असेल तर दुकानातला कापूस घ्या. एका माणसाला एका बैठकीला मूठभर पुरतो. सरकी काढणं, बोटांनी पिंजणं, वळणं ही तीन वेगळी कामं आहेत आणि ती तीन वेगळ्या माणसांना देता येतात. नजर कमी असलेल्या आजी स्पर्शाने सरकी काढतात, बोटं शाबूत असलेली वळते, मोजता येणारे आबाजी १०८च्या जुड्या बांधतात. बोटं कोरडी पडली की वात सुटते, म्हणून दुधात किंवा पाण्यात बोट बुडवायची वाटी प्रत्येकीजवळ हवी. पिंजताना उडणारी तूस दम्याच्या माणसाला भोवते. त्याला जुड्यांवर बसवा आणि पिंजण्याचं काम पडवीत घ्या. जुड्या देवळात दिल्या तर उत्तमच. विकल्या तर पैसे करणाऱ्यांच्या नावावर वहीत लिहा आणि त्यांनाच द्या. ते आश्रमाच्या किराण्यात जिरले की पुढच्या महिन्यात कोणी हात लावणार नाही, आणि ते बरोबरच आहे.

शेंगा डिसेंबर-जानेवारीत. तुरीच्या, वाटाण्याच्या, पुढे हरभऱ्याचे घाटे. मधोमध मोठी परात ठेवू नका. ज्याचा हात हळू चालतो तो ढीग बघून दबतो आणि थांबतो. प्रत्येकाला काठ असलेलं स्वतःचं ताट, त्यात पाव किलो शेंगा. ज्यांचा अंगठा सांध्यांनी धरला आहे त्यांना सोलायला न देता सोललेले दाणे निवडायला द्या. त्याच दिवशी त्या सोल्यांचा भात किंवा भाजी पानात आली पाहिजे, आणि वाढताना ‘हे तुम्ही सोललेले’ असं म्हटलं गेलं पाहिजे. स्वयंपाकाच्या बाईंना हे आधी सांगून ठेवा.

धान्य निवडायला देताना नजरेचा विचार करा. तांदळातला पांढरा खडा मोतीबिंदूच्या डोळ्याला दिसत नाही. चवळी, वाल, हरभरा द्या, ताटाखाली गडद कापड घाला. निवडलेलं धान्य स्वयंपाकघरात पुन्हा एकदा बघायचंच, पण ते त्या माणसासमोर नाही. विसराळू माणसाला काम हवं म्हणून निवडलेल्या दोन डाळी पुन्हा एकत्र कालवून देणारे कर्मचारी असतात. एकदा जरी त्याच्या लक्षात आलं, तरी तुमच्यावरचा विश्वास गेला.

वाकळ शिवणं बायकांना मनापासून आवडतं, पण पूर्ण मापाची वाकळ मांडीवर पेलत नाही आणि महिनोन्‌महिने संपत नाही. बाळाचं दुपटं करा: ६० बाय ९० सेंटिमीटर, जुन्या सुती लुगड्याचे तीन-चार थर, कडेने कच्चा टाका घालून घ्यायचा आणि मग दोन बोटांच्या अंतराने धावदोरा. सुईत दोरा ओवून देणं हे काळजीवाहकाचं काम. सुया मोजून द्यायच्या, मोजून परत घ्यायच्या, आकडा वहीत. एक सुई कमी आली तर कोणी जागचं उठायचं नाही, आधी शोधायची. मधुमेहाच्या बधिर पायात शिरलेली सुई दोन दिवस कळतही नाही. तयार दुपटी गावच्या अंगणवाडीमार्फत नव्या बाळंतिणींना द्या. ‘कोणाले पोरगं झालं?’ ही चौकशी मग आपोआप सुरू होते, आणि गावाशी धागा लागतो.

पूर्वेकडे, भंडारा-गोंदिया-गडचिरोलीकडे असाल तर पळसाच्या पानांचे द्रोण-पत्रावळी करता येतात. पानं आदल्या दिवशी आणून, पुसून, ओल्या पोत्याखाली ठेवा. कडक वाळलेलं पान टाचताना फाटतं. बांबूच्या काड्या आधीच तासून द्या, कुसळ बोटात जातं.

परसबाग जमिनीवर केली की मावश्यांच्याच गळ्यात पडते, कारण रहिवाशांना वाकता येत नाही. वाफा उचलून घ्या. २०० लिटरचा प्लास्टिकचा ड्रम उभा चिरून दोन नळ्या करायच्या, लोखंडी किंवा लाकडी घोडीवर ठेवायच्या, काठ जमिनीपासून ७५ सेंटिमीटरवर येईल असं. तळाला बोटभर जाडीची आठ-दहा छिद्रं. गोल तळ लोंबतो म्हणून चाकाची खुर्ची पूर्ण आत जाणार नाही. कडेला आडवी लावून काम करायचं. ड्रम कीटकनाशकाचा किंवा रसायनाचा नसावा. भंगारवाला ‘धुतला आहे’ म्हणाला तरी नको, खाद्यतेलाचाच शोधा. नुसती काळी माती भरली तर पावसात चिखल आणि उन्हात भेगा. दोन भाग माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत, एक भाग वाळू किंवा धानाचं तूस. पहिलं पीक मेथी किंवा पालक घ्या. मेथी महिन्याभरात हाती येते, आणि पहिल्या महिन्यात काहीतरी ताटात येणं गरजेचं आहे. मग सांबार (कोथिंबीर), मिरची, वांगी, अंबाडी. पाणी घालायला अर्ध्या लिटरची, झाकणाला भोकं पाडलेली बाटली, बादली नको. खुरपीच्या मुठीला कापड गुंडाळून जाड करा. बागेत चपलेशिवाय कोणी नाही. पावसाळ्यात ड्रमखाली विंचू-साप दडतात, तिथलं गवत वाढू देऊ नका आणि बैठकीच्या आधी काठीने एकदा झाडून बघा. मे महिन्यात वाफे रिकामे ठेवा, फक्त तुळस जगवा.

आता पुरुषांचं. बायकांना काम चटकन सापडतं, पुरुष मात्र फाटकाजवळ खुर्ची टाकून रस्ता बघत बसतात. त्यांना आत ओढून आणण्यापेक्षा काम तिकडे न्या. कडुनिंबाखाली पार बांधता आला तर बांधा, ४५ सेंटिमीटर उंच, एका बाजूला पाठ टेकायला भिंत. तिथे सकाळी वर्तमानपत्राचं वाचन: आधी हवामान, मग कापूस-तूर-सोयाबीनचे भाव, मग तालुक्याच्या बातम्या. वाचता येणारे एक आबाजी आणि ऐकणारे पाच-सहा. निधनवार्ता वगळू नका, ‘वाचू का?’ विचारा; बहुतेकांना ऐकायच्या असतात. दोरी वळणं, खाटेची वीण घट्ट करणं, खुर्च्यांचे हलणारे स्क्रू आवळणं, फाटकाची चावी सांभाळणं, आकाशवाणी लावणं-बंद करणं, ही कामं नावानिशी वाटून द्या. पारावर खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) घोटला जाणार, हेही गृहीत धरा. तो सोडवायचा तर डॉक्टरांच्या मदतीने, हळूहळू. कार्यक्रमाला यायची अट म्हणून नाही. पिचकारीसाठी राखेचं डबडं मात्र पहिल्या दिवशीच ठेवा.

आणि एक मर्यादा. ही कामं म्हणजे मजूर वाचवायची युक्ती नाही. ज्या दिवशी दोन मण चिंच आश्रमासमोर ओतली जाईल आणि ‘आज संध्याकाळपर्यंत’ असं म्हटलं जाईल, त्या दिवशी ते शोषण झालं. काम अर्धवट टाकून उठता आलं पाहिजे, कोणी विचारता कामा नये.

कॅरम का चालत नाही, आणि खेळ कसे मांडावेत

कॅरम जमिनीवर मांडला तर गुडघे, पलंगावर मांडला तर कंबर. ७० ते ७५ सेंटिमीटर उंचीच्या टेबलावर, पाठ असलेल्या खुर्च्यांत मांडा आणि बोर्डाच्या बरोबर वर दिवा टांगा. बाजूच्या खिडकीच्या उजेडात सोंगटीची सावली हीच सोंगटी वाटते. बोरिक पावडर फरशीवर सांडते आणि पुढचा माणूस घसरतो. खेळ संपल्यावर ओल्या फडक्याने पुसणं हा खेळाचाच भाग समजा. ज्यांची बोटं दुखतात त्यांना स्ट्रायकर नकोच.

त्यापेक्षा चंगाअष्टा अनेकांना लहानपणापासून येतो. ६० बाय ६० सेंटिमीटरच्या प्लायवर १२ सेंटिमीटरची पंचवीस घरं, पांढऱ्या रंगावर काळ्या जाड रेघा, फुल्यांची घरं लाल. चार मोठ्या कवड्या वाटीत हलवून पालथ्या घालायच्या म्हणजे खाली उडत नाहीत. वाकून कवडी उचलताना पडण्याचा धोका खरा आहे. सोंगट्या रंगाने न ओळखता आकाराने ओळखाव्यात: बटण, चिंचोका, बाटलीचं झाकण, गोल खडा. मोतीबिंदूला निळा-हिरवा सारखाच दिसतो. नियमांवरून गावागावचे वाद होतील, होऊ द्या. पहिल्या आठवड्यात वादच जास्त रंगतो.

पत्ते मोठ्या आकड्यांचे घ्या. थरथरत्या हाताला पत्ते धरवत नाहीत, म्हणून सुताराकडून पट्ट्या करून घ्या: ३० सेंटिमीटर लांब, ५ सेंटिमीटर रुंद लाकूड, त्यात लांबीने ३ मिलिमीटर रुंद आणि सेंटिमीटरभर खोल अशी थोडी कललेली खाच. पत्ते त्यात उभे राहतात. मेंढीकोट चार जणांत छान चालतो, जोड्या मात्र अशा लावा की एक पक्का आणि एक विसरणारा. डाव पैशांवर नको, चिंचोक्यांवर.

शरीर हलवणं

जागतिक आरोग्य संघटना पासष्टीपुढच्यांना आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि ताकदीचे व्यायाम सांगते. ‘व्यायाम’ म्हटलं की नकार येतो, म्हणून शेतीच्या हालचाली घ्या: मूठ भरून पेरणी, दोन्ही हातांनी आळीपाळीने वेचणी, रहाटाचा दोर ओढणं, सुपाने पाखडणं. प्रत्येकी आठ-दहा वेळा, भजनाच्या ठेक्यावर. त्यानंतर बसूनच टाचा-चवडे उचलणं दहा वेळा, एकेक गुडघा सरळ करणं आठ वेळा, आणि शेवटी हातांनी आधार घेऊन खुर्चीतून पाच वेळा उठणं-बसणं. खुर्ची हात असलेली, बैठक ४५ सेंटिमीटर उंच, पाठ भिंतीला. हलक्या प्लास्टिकच्या खुर्च्या उठताना मागे सरकतात, त्या यासाठी वापरू नका. चाकाच्या खुर्चीचा ब्रेक लावलेला आहे का, हे सुरू करायच्या आधी हाताने हलवून बघा. संपल्यावर मिनिटभर उभं राहून मगच चालायचं, कारण रक्तदाबाच्या गोळ्यांवर असलेल्यांना एकदम उठलं की भोवळ येते. छातीत दुखलं, धाप लागली, डोळ्यांपुढे अंधारी आली की तिथेच थांबायचं.

भजन, वंदना आणि आठवणी

भजन तुमच्याकडे असणारच. अडचण बहुधा ध्वनिक्षेपकाची असते. छोट्या खोलीत तो नकोच. लावलाच तर आवाज मध्यम, आणि चिरका सूर कमी करा. ज्याने त्याने काहीतरी वाजवलं पाहिजे. पितळी टाळ म्हाताऱ्या मनगटाला जड होतात. खंजिरी हलकी, आणि आपल्या भागात तुकडोजी महाराजांमुळे घराघरात ओळखीची. लकव्याने एक हात गेलेल्याला मनगटाला बांधायचं घुंगरू द्या. ज्यांचं बोलणं जवळजवळ थांबलं आहे अशी माणसंही जुन्या भजनाचं धृपद बरोबर उचलतात. तेव्हा त्यांच्याकडे सगळ्यांनी वळून कौतुकाने बघू नये, गाणं तसंच चालू ठेवावं.

पण एकच एक भजन म्हणजे सगळ्यांचं नाही. १४ ऑक्टोबर १९५६ला नागपूरला धम्मदीक्षा झाली तेव्हापासून विदर्भात बौद्ध कुटुंबं गावोगाव आहेत. त्यांच्यासाठी वंदना, १४ एप्रिल, ६ डिसेंबर हे दिवस तितक्याच मानाने असावेत. मुस्लिम, गोंड, महानुभाव रहिवासी असतील तर त्यांना विचारून त्यांचं ठेवा. आणि ज्याला यातलं काहीच नको असेल त्याला त्या वेळेत दुसरी जागा आणि दुसरं काम हवं.

आठवणींसाठी एक पेटी करा: घुंगरमाळ, वेसण, सुताचा टकळा, पायली, जुना कंदील, पत्र्याची पेन्सिलपेटी, सरकीची मूठ, हंगामात मोहाची फुलं. एका वेळी एकच वस्तू हातात द्या आणि वाट बघा. वास आणि स्पर्श फोटोपेक्षा लवकर बोलतं करतात. पायली ठेवली तर किती शेरांची यावरून अर्धा तास जातो, कारण मापं गावोगाव वेगळी होती.

जे उठू शकत नाहीत त्यांच्याकडे गट जात नाही, पण पेटीतली एक वस्तू घेऊन एक माणूस दहा मिनिटं जाऊ शकतो. हे रोज, आंघोळ-औषधाव्यतिरिक्त.

सण आणि पाहुणे

सगळे सण साजरे करायचा हट्ट नको, तीन-चार नीट करा. तान्हा पोळा वृद्धाश्रमासाठीच जन्मला आहे असं वाटावं इतका सोयीचा. आठवडाभर आधी लाकडी बैल रंगवणं, झुली शिवणं, गोंडे बांधणं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गावची पोरं आपापले बैल घेऊन येतात, आजी-आबाजी बैल पारखतात आणि स्वतःच्या हाताने बोजारा (खाऊ-पैशांची भेट) देतात. इथे म्हातारी माणसं देणारी आहेत. फळं वाटपाच्या रांगेत ती घेणारी असतात, फरक तिथेच पडतो.

भुलाबाई, म्हणजे मुलींचा गाण्यांचा सण, भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत. गाणी शाळेतल्या मुलींपेक्षा आजींनाच जास्त येतात, त्यांनी शिकवावी. खिरापत ओळखण्याचा खेळ तर अप्रतिम: झाकलेला डबा कानाशी हलवून, मग वास घेऊन ओळखायचं. नजर नसलेल्या आजी हमखास जिंकतात. मधुमेहींसाठी खिरापतीत फुटाणे, काकडी. पण लकवा झालेल्यांना आणि गिळताना ठसका लागणाऱ्यांना फुटाणे, मुरमुरे, हुरडा नाही, त्यांना मऊ केळं. कोजागिरीचं दूध रात्री आठलाच आणि अर्धा कप. बाराला जागवलं तर दुसरा दिवस सगळ्यांचा बिघडतो.

झाडीपट्टीकडची (पूर्व विदर्भातली) मंडळी नाटकाला न्यायचं म्हणतात. ते रात्रभर चालतं, थंडीत. त्यापेक्षा गावच्या दंडारीच्या किंवा खडी गंमतीच्या, म्हणजे लोकनाट्याच्या, मंडळींना दुपारी तासाभरासाठी बोलवा.

पाहुण्यांना नियम लावायला संकोचू नका. १ ऑक्टोबरच्या ज्येष्ठ नागरिक दिनाला चाळीस मुलं, बॅनर, केळी आणि फोटो, आणि मग वर्षभर कोणी नाही, याचा उपयोग शून्य. एका वेळी दहापेक्षा जास्त नकोत, प्रत्येक मूल एका-दोघांबरोबरच बसेल, आणि तीच मुलं पंधरा दिवसांनी पुन्हा येतील, हे शाळेकडून आधी ठरवून घ्या. भेटीला काम असावं: पावकी-निमकी शिकणं, गोष्ट लिहून घेणं, मेथी खुडणं. फोटो परवानगीशिवाय नाही.

बाहेर न्यायचं तर तीर्थयात्रेआधी आठवडी बाजार. सहा जण, तीन मदतनीस, सकाळी गर्दीआधी, प्रत्येकाच्या हातात स्वतःचे ५० रुपये. त्या रात्रीची भाजी त्यांनीच निवडायची आणि भावही त्यांनीच करायचा. एसटीत राज्यातल्या राज्यात पंचाहत्तरीपुढच्यांना प्रवास मोफत आणि ६५ ते ७५ वयाला अर्धं तिकीट आहे. ओळखपत्र मूळ न्या. मात्र एसटीची पहिली पायरी उंच असते, गुडघे गेलेल्यांसाठी ऑटो बरा. प्रत्येकाच्या खिशात आश्रमाच्या फोन नंबरची चिठ्ठी. निघण्याआधी संडास-लघवी, आणि बाजारात कुठे सोय आहे हे आदल्या दिवशी बघून ठेवा.

नकार आणि नोंद

कोणी ‘नाही’ म्हटलं तर मान द्या, पण खुर्ची जवळ ठेवा. कडेला बसून बघणाराही आलेला धरा. कित्येक जण महिनाभर बघतात आणि मग एक दिवस शेंग उचलतात. टीव्ही काढून टाकू नका, त्याच्या वेळा ठरवा.

वहीत किती कार्यक्रम झाले ते लिहून उपयोग नाही. माणसाचं नाव, आला का, काय केलं, चेहरा कसा होता, एवढं चार शब्दांत रोज. दर पंधरवड्याला ती चाळून एकदाही न आलेल्यांची नावं काढा. आणि नेमाने येणारा माणूस अचानक यायचा थांबला तर कारण आधी तब्येतीत शोधा: कानात मळ, लघवीचा संसर्ग, टोचणारी कवळी, नवीन गोळी, किंवा मनाची मरगळ. कान प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासून होतात. चष्मा, कवळी, श्रवणयंत्र, काठी, चाकाची खुर्ची दारिद्र्यरेषेखालच्या ज्येष्ठांना केंद्राच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेच्या शिबिरात मिळते. पुढचं शिबिर कधी आहे हे जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात विचारा आणि आधार कार्डं आत्ताच गोळा करून ठेवा, ऐन वेळी निम्म्यांची सापडत नाहीत.